नवापूरहून आलेल्या सहाजणी

उधना स्टेशनवर सकाळी भुसावळकडे जाणारी गाडी पकडली, की डब्यात निम्मी माणसं आपलीच असतात. कुणी अमळनेरला लग्नाला, कुणी दोंडाईच्याला शेताच्या वाटणीला, कुणी नंदुरबारला आजारी माणसाला भेटायला. बाबा १९८९ मध्ये याच मार्गाने उलट दिशेने आले, लूमवर काम शोधायला. त्यानंतर घाबरून गावी परत गेले ते एकदाच. ते पुढे सांगते. माझा जन्म सुरतेचा, त्यामुळे माझ्यासाठी ही गाडी म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. गेल्या ऑक्टोबरात मात्र मी वेगळ्याच कामाला निघाले होते. कोंबड्या आणायला.

सोबत आजी होती. आजोबा गेल्यावर साक्री तालुक्यातलं घर बंद करून ती आमच्याकडे डिंडोलीला आली. आमचं रो-हाऊस, मागे चोकडी आणि तिच्यापलीकडे दहा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा. गावी आजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. खुराड्याचं दार उघडायचं, डालगी उचलायची, अंडी हुडकायची. इथेही ती चारलाच उठायची, पण सातपर्यंत तिला काही कामच नसायचं. चोकडीच्या पायरीवर बसून राहायची. तक्रार एका शब्दाची नाही. म्हणूनच जास्त लागायचं.

रंगीत पिल्लांचा धडा

पहिला प्रयत्न आमच्या भाच्याने केला. लिंबायतच्या बाजारात एका गाडीवर गुलाबी, हिरवी, पोपटी पिल्लं विकायला होती. त्याने हट्ट करून दहा आणली. आजी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "हे काय, होळी खेळून आली का?" पंधरा दिवसांत सात मेली. उरलेल्या तिघांना तुरे फुटले आणि पहाटे साडेतीनला तिघेही आरवू लागले. सगळी गल्ली जागी.

नंतर कळलं ते तुम्हालाही सांगून ठेवते. अंड्यांच्या जातीची पिल्लं जिथे उबवतात तिथे पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. माद्या अंड्यांच्या फार्मवर जातात. नर अंडी देत नाहीत आणि या जातीत मांसही कमी धरतात, म्हणून ते कवडीमोल भावात बाहेर पडतात. त्यांनाच रंग लावून गाडीवर विकतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढे ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची असते. गाडीवरच्या पिल्लांना ना ऊब मिळालेली, ना लस. म्हणजे अंड्यांसाठी ही पिल्लं घेणं म्हणजे मरणारी पिल्लं किंवा आरवणारे कोंबडे घेणं.

या प्रकाराने शेजारच्या बा बिथरल्या. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारं हे गुजराती कुटुंब पूर्ण शाकाहारी. मला वाटलं, अंड्यांवरून वाद होणार. पण बांचं म्हणणं वेगळंच निघालं. "बेटा, तुम्ही काय खाता ते तुमच्या घरात. पण दाणे सांडले की उंदर आवशे. मी १९९४ पाहिलंय."

बा तेव्हा वेड रोडला राहायच्या. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून गेली. बाबा परत गेले ते तेव्हाच, खच्चून भरलेल्या गाडीच्या दारात लटकून. त्यानंतर या शहराने स्वतःला असं घासूनपुसून काढलं, की देशातल्या स्वच्छ शहरांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. पण त्या पिढीच्या मनातून उंदीर गेलेला नाही. बांचं चूक नव्हतं. कोंबडीच्या घाणीपेक्षा कोंबडीच्या सांडलेल्या खाद्याची काळजी खरोखरच मोठी. आणि पावसाळ्यात दक्षिण गुजरातेत उंदरांमुळे लेप्टो पसरतो, हे आपण दरवर्षी ऐकतोच.

आजी आणि बा पायरीवर बसल्या. एक अहिराणीत बोलत होती, दुसरी सुरती गुजरातीत, आणि मी मध्ये उगाचच भाषांतराला. त्यांना माझी गरज नव्हती. तह झाला तो असा: कोंबडा आणायचा नाही. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. संध्याकाळी उरलेलं खाद्य उचलायचं. विष्ठा रोज सकाळी काढायची. आणि एक जरी उंदीर दिसला, तरी कोंबड्या दुसऱ्या दिवशी परत.

पहिल्या अटीने काहीच बिघडत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोंबडीला अंडं द्यायला कोंबडा लागत नाही. तो लागतो फक्त पिल्लं हवी असतील तर.

बाकडं दोन राज्यांत

तर आम्ही निघालो. चलथाण, बारडोली; दोन्ही बाजूंना ऊस. मढीला खमण घेतला, तो घेतल्याशिवाय हा प्रवास पुरा होत नाही. व्यारा मागे पडलं की डोंगर जवळ येऊ लागतात, हवा बदलते. मग उकाई सोनगढ. इथला किल्ला पिलाजीराव गायकवाडांचा. बडोद्याच्या आधी गायकवाडांची राजधानी इथे होती. शाळेत आम्हाला बडोदं शिकवलं, सोनगढ नाही. खिडकीतून किल्ल्याचा डोंगर दिसला की मला दरवेळी वाटतं, आपली माणसं या रस्त्याने फार आधीपासून येतजात आहेत.

नवापूर स्टेशन तुम्ही पाहिलं नसेल तर एकदा पाहा. महाराष्ट्र आणि गुजरात १९६० मध्ये वेगळे झाले आणि सीमारेषा थेट फलाटावरून गेली. फलाटावर एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध रेघ. एका बाजूला महाराष्ट्र लिहिलंय, दुसऱ्या बाजूला गुजरात. आजीने रेघ पाहिली, मला विचारलं, "मंग मी कथा बसू?" आणि बरोबर मधोमध बसली.

नवापुरात माझी आत्या राहते. तिच्याकडे कोंबड्यांचा विषय काढायला मला भीती वाटत होती. कारण नवापूर हे कोंबड्यांचं गाव. इथल्या पोल्ट्री फार्मवरून ट्रक भरून अंडी सुरतेला जातात. आपल्याकडे रात्री लारीवर जो अंडा घोटाळा खातो, त्यातली कितीतरी अंडी याच बाजूची. आणि याच नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. शेजारच्या उच्छलमध्येही तो निघाला. फार्मवरच्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि रोग पसरू नये म्हणून आसपासच्या घरांतल्याही. आत्याच्या अंगणात बारा होत्या. नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, चष्मे लावलेली. भरपाई मिळाली. आत्याने त्या पैशांचं काय केलं ते आम्हाला कधी सांगितलं नाही आणि पुन्हा कोंबडी पाळली नाही. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा साथ आली तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "बरं झालं, माझ्याकडे एकही नव्हती."

आम्ही कशासाठी आलोय ते ऐकून ती चहाचे कप उचलून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "फार्मवरनं घेऊ नका. सोनगढकडे एक बाई आहे, ती पिल्लं वाढवून देते."

कोणती कोंबडी?

आत्याचे दीर पिकअप घेऊन आले. आत्याही बसली, पण त्या बाईच्या घरी पोचल्यावर गाडीतून उतरली नाही.

ती बाई एक दिवसाची पिल्लं आणते आणि सहा-आठ आठवडे ऊब, खाद्य, लसी देऊन मग विकते. नवशिक्याने अशीच पिल्लं घ्यावीत. सगळ्यात नाजूक दिवस दुसऱ्याने निभावलेले असतात. कोणत्या लसी झाल्या ते विचारून लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात लासोटा, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस. मग आठव्या-दहाव्या आठवड्यात आर-टू-बी. ती आम्ही सुरतेत पशुवैद्यांकडून टोचून घेतली. लासोटा आणि आर-टू-बी या दोन्ही राणीखेत रोगाविरुद्धच्या. त्यालाच गावाकडे मानमोडी म्हणतात, कारण पक्ष्याची मान पिळल्यासारखी वाकडी होते. या रोगावर औषध नाही, फक्त लस आहे.

जात निवडताना आजीचं आणि माझं जमलं नाही. तिला गावठी हवी होती. तिची बाजू लंगडी नव्हती. आपल्या सुरतेपासून जवळच, भरूच आणि नर्मदा जिल्ह्यांत, अंकलेश्वर नावाची देशी जात आहे. देशातल्या नोंदवलेल्या देशी कोंबड्यांच्या जातींत तिचं नाव आहे. चपळ, काटक, रोगाला सहजी न बधणारी. पण देशी कोंबडी वर्षाला शंभराच्या आतच अंडी देते आणि मध्येच खुडूक होऊन बसते. फार्मवरची पांढरी कोंबडी तीनशेच्या वर देते, पण तिला उकाडा, धूळ, मोकळं अंगण झेपत नाही. मधला मार्ग म्हणजे परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या जाती. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया काढल्या, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने गिरिराजा. वनराजा आणि गिरिराजा अंगानेही भरतात, अंड्यांसाठी ग्रामप्रिया. परसात ती वर्षाला १६० ते १८० तपकिरी अंडी देते. तपकिरी अंडं जास्त पौष्टिक, हा मात्र समज आहे. कवचाचा रंग जातीवर ठरतो, आतला माल सारखाच.

आम्ही सहा तलंगा घेतल्या, आठ आठवड्यांच्या. आजीने एकेक हातात घेऊन डोळे, नाक, पायांचे तळवे आणि शेपटीखालची पिसं पाहिली. ओली, चिकटलेली पिसं असलेली एक तिने परत ठेवली. हवेशीर खोक्यांत तिघी-तिघी बसवून, हायवेने व्यारा, बारडोली करत रात्री घरी पोचलो.

दहा बाय पंधरात

खुराडं आधीच बांधून घेतलं होतं. पक्षी आणून मग जागा शोधायची नसते. बंदिस्त जागा एका कोंबडीला तीन-चार चौरस फूट, म्हणून सहाजणींना सहा बाय चारचं. जमिनीपासून दोन फूट उंच, लोखंडी पायांवर. सुरतेच्या पावसात जमिनीवरचं खुराडं म्हणजे कायमची ओल, आणि ऑगस्ट २००६ च्या पुराची आठवण कुणाला नाही? जाळीबाबत मी चुकणार होते. षट्कोनी तारांची जी 'कोंबडीची जाळी' मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, पण घूस, मुंगूस, बोका यांना बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्या. आत बसायला आडवी दांडी, गोल सळई नव्हे तर दोन इंच रुंद लाकडी पट्टी. दोन पेट्या अंड्यांसाठी, अंधाऱ्या कोपऱ्यात. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते; तरी त्या सगळ्या एकाच पेटीसाठी भांडतात. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच.

आणखी एक काम खुराड्याआधीचं. सोसायटीची संमती आणि महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात चौकशी. शेजाऱ्याशी आधी बोललं की पुढचे निम्मे प्रश्न उरत नाहीत.

खाद्याचा हिशेब सोपा आहे. मोठी कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते. आठ आठवड्यांनंतर ग्रोअर खाद्य आणि अंडी सुरू होण्याच्या सुमाराला लेअर खाद्य. लेअर आधी देऊ नका, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडाला बाधतं. अंडी सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. घरातली भाजीची देठं, पालक, मेथी, शिळा भात, भाकरीचा चुरा चालतो. बा रोज पापडीची टरफलं देऊ लागल्या. पण आमच्या भाच्याने एकदा सेवखमणी टाकली, तेव्हा आजीने त्याला रागावलं. मीठ कोंबडीला झेपत नाही, आणि सुरतेत फरसाण तर हाताला लागलेलंच असतं.

आता दोन गोष्टी, ज्या पुस्तकात नसतात पण सुरतेत हमखास असतात. आई घरी साड्यांवर टिकल्या लावण्याचं काम करते. कोंबडीला चमकणारं काहीही म्हणजे दाणा. एकदा एक तलंग टिकल्यांच्या ताटलीवर तुटून पडली, मी तिला उचललं तेव्हा चोच भरलेली होती. त्या दिवसापासून काम आत आणि कोंबड्या बाहेर. दुसरी गोष्ट धागा. पॉलिस्टरचा धागा आपल्या घरांत उडतच असतो. उत्तरायणात त्यात मांजाची भर पडते. जानेवारीत एक लंगडायला लागली. आजीने पाय उलटा केला, तर बोटाला मांजा इतका आवळला होता की कातडीत रुतलेला. आजीला दिसेना, मी कापू धजेना. शेवटी बा आपला चष्मा आणि नखं कापायची बारीक कात्री घेऊन आल्या. अंडं न शिवणारी बाई माझ्या चोकडीत मांडी घालून बसली, कोंबडीचा पाय मांडीवर घेऊन. हळद लावली. बोट वाचलं. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी अंगण धाग्यांसाठी झाडते.

पहिलं अंडं

दिवसाचा उजेड चौदा तासांच्या आसपास असला की कोंबडी भरात अंडी देते. डिसेंबरात सुरतेत दिवस अकरा तासांच्याही आत असतो, त्यामुळे आमच्या पोरींना उशीर होईल असं मी धरून चालले होते. उत्तरायणानंतरच्या आठवड्यात एका सकाळी चोकडीतून आजीचा आवाज आला, "आंडं दिधं व माय!" लहानसं होतं, लिंबाएवढं, कवचावर रक्ताची बारीक रेघ. पहिल्या अंड्याला असं होतं, घाबरायचं नसतं. आजीने ते शिजवलं नाही. गावी ठेवायची तसं तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं, आणि दिवसातून तीनदा डबा उघडून पाहिलं.

हिशेब विचाराल तर स्पष्ट सांगते. सहाजणी म्हणजे सरासरी दिवसाला तीनपेक्षा थोडी कमी अंडी. खाद्य सगळं विकतचं घातलं तर खर्च बाजारातल्या अंड्याच्या भावाला जाऊन भिडतो. पैसे वाचवायला हे करू नका. दुसऱ्या वर्षी अंडी कमी होतात, तिसऱ्या वर्षी आणखी. त्या म्हाताऱ्या कोंबड्यांचं काय करायचं, हे आजच घरात ठरवा. आमच्याकडे ठरलंय. त्या राहणार.

या उन्हाळ्यात एक दुपार वाईट गेली. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. पारा पस्तिशीपलीकडे आणि वर सुरतेचा दमटपणा. आम्ही जाळीवर ओली गोणपाटं टांगली, पाणी दोन ठिकाणी सावलीत ठेवून दुपारभर बदललं, खाद्य फक्त पहाटे आणि संध्याकाळी दिलं. सहाही वाचल्या.

आजारपणाचा नियम आत्याच्या अनुभवातून आलाय. बाहेरच्या पक्ष्यांना खाद्यापाण्याजवळ येऊ देऊ नका. खुराड्याच्या चपला वेगळ्या, काम झालं की साबणाने हात. अचानक पक्षी मेले तर हाताळू नका, लपवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. लपवलेल्या एका कोंबडीपायी गावातल्या सगळ्या जाऊ शकतात. आणि अंडं पूर्ण शिजवूनच खा. ७० अंशांवर बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. विष्ठा ताजी झाडाला घालू नका, जळतं. दोन-तीन महिने कुजवा. आमचं पहिलं खत बांच्या कढीपत्त्याला गेलं. उंदीर अजून एकही दिसलेला नाही. बा रोज विचारतात.

मे महिन्यात आत्या आली होती. चार दिवस चोकडीकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी धागे झाडत होते, कोंबड्या एकेक करून खुराड्यात चढत होत्या. मागून आवाज आला, "एक, दोन, तीन..." सहापर्यंत मोजून तिने स्वतःच दाराची कडी लावली आणि ओढून पाहिली.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, "तुमच्याकडे कोंबडा नाही ना? मग ती अंडी उबवून उपयोग नाही."

"नाही," मी म्हटलं.

"बरं. त्या सोनगढच्या बाईचा नंबर आईकडे आहे का बघ. मला सांग."

आजीने नंबर पाठच केलेला होता.